शाब्दिक उदाहरणावरून असमानता मांडायला कसं शिकवावं?

निळाई:
भाची यंदा अकरावीला आहे, सीबीएसई. मांडून दिलेली असमानता ती झटपट सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. 'किमान' वाचलं की हात हमखास 'पेक्षा लहान'च्या चिन्हाकडे जातो. क्लास लावायचा नाही, घरीच करून घ्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

सांगलीकर मास्तर:
ताई, कुठल्या शब्दाला कुठलं चिन्ह, असे तक्ते पाठ करून घेऊ नका. चिन्ह लिहिण्याआधी एक चालणारी आणि एक न चालणारी संख्या तिला तोंडी सांगू दे. लिफ्टमध्ये पाटी असते: ८ व्यक्ती, ५४४ किलो. समजा आत ७० किलोचा एक माणूस आणि तांदळाचे २५ किलोचे कट्टे आहेत. १० कट्टे चालतील? हो. ३०? नाही. मग २५क्ष + ७० ≤ ५४४ आपसूक सुचतं. क्ष ≤ १८.९६, म्हणजे १८ कट्टे.

लगेच दुसरं द्या. १३० मुलांची सहल, एका बसमध्ये ४० जागा. ४०क्ष ≥ १३०, क्ष ≥ ३.२५, म्हणजे बस ४ लागणार. एकदा खालची पूर्ण संख्या घेतली, एकदा वरची. असं का, हे तिलाच सांगू द्या. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

रेवाकाठ:
मास्तरांना +१. कॉलेजच्या ७५ टक्के हजेरीचं गणितही द्या. ७० पैकी ४८ तासांना हजर. यापुढे एकही तास बुडवला नाही, तर किती तासांनी हजेरी भरेल?
(४८ + क्ष)/(७० + क्ष) ≥ ३/४
मुलं फक्त वर क्ष मिळवतात, झालेले एकूण तासही वाढतात हे निसटतं. छेद धन आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना गुणायला हरकत नाही. क्ष ≥ १८. ताळा: ६६/८८, बरोबर पाऊण.

निळाई:
हजेरीचं तिला लगेच पटेल! पण लिफ्टचं तिने ५४४ − २५क्ष ≥ ७० असं मांडलं तर? ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटवायचं राहून जातं.

सांगलीकर मास्तर:
मांडणी अगदी बरोबर आहे. २५क्ष उजवीकडे न्यायला सांगा: ४७४ ≥ २५क्ष. ऋणाने भागायची वेळच येत नाही. तरी चिन्ह का उलटतं ते संख्यारेषेवर एकदा दाखवाच: २ < ५, पण −२ > −५.

सरावाला एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक पुरे, पीडीएफ मोफत मिळते. त्यातली आम्लाच्या द्रावणाची गणितं मात्र शेवटी घ्या. सुरुवातीचे काही दिवस नुसती मांडणी करून घ्या, सोडवणूक नको. क्ष म्हणजे काय ते दरवेळी पूर्ण वाक्यात लिहायला लावा: 'क्ष = कट्ट्यांची संख्या', नुसतं 'क्ष = कट्टे' नको.