ओळखीचा ठेकेदार म्हणजे विश्वासू ठेकेदार?

कोथरूडकर: दरपत्रके मागवत बसण्यापेक्षा ओळखीच्या माणसाला काम द्यावे आणि निर्धास्त व्हावे, असे काल इथे एका सदस्यांनी लिहिले, ते वाचून मला राहवले नाही. आमच्या बाथरूमचे काम मी मावसभावाच्या ओळखीतल्या ठेकेदाराला दिले, आणि ओळख होती म्हणूनच ना लेखी करार मागता आला, ना चाचणीचा आग्रह धरता आला. जुना कोबा (फरशीखालचा थर) काढून वॉटरप्रूफिंग झाले की नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जाण्याचे तोंड) बंद करून 48 तास पाणी साठवायचे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचे, हे मला ठाऊक होते. त्याने मात्र दुसऱ्याच दिवशी फरशी बसवली. चार महिन्यांत खालच्या आजींच्या देवघरावर डाग उतरला. फरशी पुन्हा उखडण्याचा खर्च मीच सोसला.

ओळंबा: मी स्वतः ही कामे घेतो. दोष ओळखीचा नाही, केवळ तळाची रक्कम पाहण्याच्या सवयीचा आहे. एका दरपत्रकात कोबा, पाइप, ट्रॅप अशी प्रत्येक बाब लिहिलेली असते, दुसऱ्यात ‘बाथरूम पूर्ण’ एवढेच असते, आणि काम दुसऱ्यालाच मिळते. पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागेल म्हटले, की हेच ग्राहक कच्चे बिल मागतात.

बोरिवली पूर्व: ग्राहकांना चोर ठरवू नका! सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर घेताच येत नाही. आमच्याकडून पूर्ण 18 टक्के घेतले आणि पावतीवर नोंदणी क्रमांकच नव्हता.

ओळंबा: चोर हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. नोंदणीशिवाय कर घेणे गैरच आहे, एवढे मान्य करतो.

बोरिवली पूर्व: एवढेच? आमचे पैसे गेले ते गेलेच.

जुना कागद: करावरून किती भांडाल? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, परंतु काय ठरले होते आणि किती पैसे दिले हे दाखवावे लागते. माझ्या भावाकडे बिल नव्हते. बँकेतून दिलेले हप्ते आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश यांवरच त्याची बाजू उभी राहिली.

कोथरूडकर: मी सगळे पैसे रोख दिले, कारण नात्यात पावती मागणे बरे दिसत नाही. दरपत्रक बाबवार वाचायला हवे होते, हे ओळंबा यांचे म्हणणे नाइलाजाने स्वीकारते. पण पाणी भरण्याचा आग्रह ठेकेदारानेच का धरू नये?

ओळंबा: दोन दिवस बाथरूम बंद राहील म्हटले, की घरचेच घाई करतात आणि मीही कधी कधी ऐकले आहे. यापुढे चाचणीशिवाय फरशी बसवणार नाही, असे करारातच लिहीन.

बोरिवली पूर्व: आणि महिनाभर वापर होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवू द्याल का?

ओळंबा: दहा टक्के, होय. त्याहून अधिक नाही, कारण गवंड्याची मजुरी मला शनिवारी द्यावीच लागते.