तुमच्या खिशात कोणता चाकू आहे?

घराबाहेर पडताना मी तीन गोष्टी चाचपतो: मोबाईल, किल्ल्या, चाकू. पाकीट कधीमधी घरी राहतं, चाकू राहत नाही.

माझ्याकडे रोज दोन असतात. एक फ्रान्सचा ओपिनेल, ८ नंबर. बीचच्या लाकडाची मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं कार्बन पोलादाचं पातं, आणि ते बोटावर मिटू नये म्हणून मुठीच्या तोंडाशी फिरवायची कडी. दुसरा आजोबांचा, शिंगाच्या मुठीचा. रझाकाराच्या वेळचा, असं घरात सांगतात. पातं झिजून झिजून चिंचेच्या आकड्यासारखं झालंय. पेरू कापायचा असला की हात आपोआप त्याच्याकडेच जातो. ओपिनेल दाखवायला, आजोबांचा वापरायला, हे कबूल करून टाकतो.

तुम्ही काय बाळगता, कुणाकडून आलं, त्यानं रोज काय कापता, ते लिहा. खटक्याच्या रामपुरीच्या फुशारक्या नकोत. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आणि घरच्या-शेतीच्या कामाचं नसलं, तर शस्त्र कायदा आडवा येतो. आपले चाकू त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. तरी निवडणुकीत, सणावारात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा, शस्त्र बाळगायला बंदीचा आदेश निघतो, तेव्हा चाकू घरीच बरा. पोलिसाला ‘पेरू कापायला ठेवलाय’ सांगून भागत नाही.

जालना, मोसंबीची रोपवाटिका

माझा खिशातच असतो, पण त्यानं पेरू कापू देणार नाही. डोळे भरायचा, म्हणजे एका झाडाची फुटव्याची कळी दुसऱ्यावर बसवून कलम करायचा चाकू आहे तो. एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला साल उचकायची बोथट चपटी जीभ.

रंगपूर लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर साल चिरायची. एक चीर आडवी, एक उभी. साल अलगद उचलायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा, आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचं. चीर एका हातात पडली पाहिजे. दोनदा फिरवलं तर कड फाटते, फाटलेली कड वाळते, डोळा जातो. तीन आठवड्यांनी पट्टी सोडायची; डोळा हिरवा असला तर धरला, काळा पडला तर मेहनत पाण्यात. बोलताना सोपं वाटतं. मला धड जमायला दोन हंगाम लागले, आणि वडिलांच्या शिव्या किती ते मोजले नाहीत.

मातृवृक्ष, म्हणजे डोळे काढायचं झाड, बदललं की पातं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचं, कारण मोसंबीचे काही रोग चाकूवरूनच या झाडाचे त्या झाडाला जातात. त्या पाण्यानं पोलाद गंजतं, म्हणून लगेच फडक्यानं कोरडं करायचं. एवढं जपलेल्या चाकूनं मेव्हण्यानं परवा कुलरचं खोकं फोडलं. पिना होत्या त्याला. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी.

लातूर, आडत दुकान

आमचा चाकू म्हणजे सुतळी कापायचा. दिवसभर सोयाबीनचे, तुरीचे कट्टे. वर्षात दोन तरी हरवतात, म्हणून महागाचा घेत नाही. हरवतात म्हणजे हमाल घेऊन जातात, आणि त्यांचे मी घेऊन येतो.

पाटोद्याकडचा, शेळ्या राखतो

पुतन्याकडून लिहून घ्यायलोय. माजा चाकू घिसाड्याच्या पालावर घडवलेला. ट्रकचा मोडका पाटा मीच नेऊन दिला. म्हातारा सांडशीत लोखंड धरून फिरवायला आन् मालकीन घन मारायली. लालबुंद झालं की चर्रकन पान्यात. मूठ बाभळीची, मी तासली. खटका न्हाई, स्प्रिंग न्हाई, एका खिळ्यावर मिटतो. करदोड्याला बांदलाय.

शेळी रानात याली की लागतो. काडी वढून पातं शेकायचं, नाळ दोन बोटं राखून दोऱ्यानं बांदायची, मंग कापायची. घरी आल्यावर आयोडीन. बाकी लिंबाची काडी कापायची, काटा काढायचा. कांद्याला चाकू लावत न्हाई. रानात कांदा बुक्कीनंच फोडावा, चाकूचा कांदा गोड लागत न्हाई.

धाराशिव, शिक्षक

सल्ला विचारायचा होता. वडिलांचा चाकू गंजू नये म्हणून घरचं करडईचं तेल लावून ठेवला. चार महिन्यांनी काढला तर उघडेना, बिजागरीत डिंक भरल्यासारखं झालंय.

पुन्हा मी

गुरुजी, करडईचं तेल हवेत सुकतं आणि चिकट पापुद्रा धरतं. भाजीला उत्तम, बिजागरीला नाही. रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा, हळूहळू हलवा, पुसून मग शिलाई मशीनचं तेल. भाकरतुकडा कापायचं पातं असेल तर त्याला खोबरेल चालतं.

वाळूज, टर्नर

एक कळकळीचं. सायकलवर चाक फिरवणाऱ्याकडं, नाहीतर ग्राइंडरवर, जुना चाकू देताना शेजारी उभे राहा. पात्याची कड निळी पडली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार लागते पण टिकत नाही. घरी दगड नसला तर चहाचा कप पालथा घाला. बुडाची चकाकी नसलेली खरबरीत कड असते, तिच्यावर पाणी लावून एकाच कोनात घासा. बायकोचा लग्नातला सेट सोडून कोणताही कप.

परभणी

माझा चाकू लग्नातला! हळद लागली तसा मामांनी हातात दिला, टोकाला लिंबू खोचून. अक्षता पडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. जेवतानाही मांडीवर. फोटोग्राफर म्हणाला लिंबू काढा, तर आजीनं त्यालाच फोटोबाहेर काढलं. त्याला आता सहा वर्षं झाली. लिंबू गेलं, चाकू राहिला, रोज डब्यातली काकडी कापतो. खंडेनवमीला ट्रॅक्टर, पाने, विळे यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू लागतं.

छत्रपती संभाजीनगर

लाल विक्टोरिनॉक्स, कात्री-चिमटा असलेला. दिल्लीला जाताना हातातल्या बॅगेत राहिला आणि विमानतळावर सोडावा लागला. चूक माझी, मोठ्या बॅगेत टाकायचा होता. पुढचं लिहवत नाही.

नांदेड

सगळे पुरुषच दिसताहेत, म्हणून लिहिते. आमच्याकडे रोज जवळ पातं बाळगते ती आजी. चंचीत पानं, कात, चुन्याची डबी आणि पितळी अडकित्ता. तो चाकू नाही म्हणाल तर म्हणा, पण तुमच्या सगळ्यांच्या आधीपासून चालू आहे. डॉक्टरांनी सुपारी बंद केली, चंची काही सुटली नाही. आता रोज रात्री ती त्याच अडकित्त्यानं बीपीची अर्धी गोळी कातरते. दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत. मोठा तुकडा कधी घ्यायचा तेही ठरलेलं आहे: माझी आई माहेरून परत येते त्या दिवशी.