मुंकने एकच चित्र सहा वेळा का रंगवलं?

सांजवात: सध्या लेकीकडे लंडनला आहे. टेट गॅलरीच्या संग्रहातलं नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराचं ‘आजारी मूल’ पाहिलं. उशीला टेकलेली लालसर केसांची मुलगी, शेजारी मान खाली घातलेली बाई. हे १९०७ चं. पहिलं १८८५-८६ चं, ऑस्लोत. तेच चित्र सहा वेळा? गिऱ्हाइकं होती म्हणून?

कुंचला: थोडं तेही, काही मागणीवरून केली. पण मुंक पाच वर्षांचा असताना आई क्षयाने गेली, तेराव्या वर्षी मोठी बहीण सोफी. तीही क्षयानेच, अवघी पंधराची. पहिल्या चित्रात त्याने रंग थापला, खरवडला, परत थापला. ओरखडे दिसतात. १८८६ मध्ये मांडलं तेव्हा टीकाकारांनी चेष्टाच केली!

जुनीपेटी: त्या बाईसाठी बसली होती कारेन मावशी. आईमागे पोरांना तिनेच वाढवलं. म्हणजे मावशीला परत त्याच दुःखाशेजारी बसवलं. मला हे जरा क्रूरच वाटतं. आणि सोफीची खुर्ची त्याने जन्मभर सांभाळली.

सांजवात: खुर्चीचं माहीत नव्हतं. धाकटा भाऊ गेला ती खाट आईने माळ्यावर ठेवली होती. दर दिवाळीला पुसायची, खाली मात्र कधी आणली नाही. उद्या परत जाते बघायला.