खिशातला कॅमेरा म्हणे फक्त मिरवायला घेतात!

अर्धमिटला डोळा

"फोनने कॉम्पॅक्ट कॅमेरा केव्हाच गिळला. आता जो घेतो तो फोटो काढायला नाही, गळ्यात अडकवून मिरवायला घेतो." अशी एक पोस्ट परवापासून फिरतेय आणि खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग लागलीय. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना, म्हणून हा धागा.

कुठल्या कॉम्पॅक्टबद्दल बोलताय ते आधी ठरवा. स्वस्तातले पॉइंट-अँड-शूट फोनने संपवले, मान्य. पण सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० काढून एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) खिशात बसवला, पुढच्याच वर्षी रिकोने जीआरमध्ये त्याहून मोठा एपीएससी सेन्सर चक्क कोंबला, फुजीचा एक्स१०० तर त्याही आधीचा. ही जातच वेगळी आहे.

मी रोज जीआर ३ वापरतो. स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेलं अंतर) दोन मीटरवर, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ ८; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एवढं केलं की साधारण एक मीटरपासून पुढे वीसेक मीटरपर्यंत सगळं पुरेसं धारदार येतं. मग फोकसची वाट बघायची नाही, अर्धं बटण दाबून थांबायचं नाही, एका दमात पूर्ण दाबायचं. समोरच्याने मान वळवेपर्यंत फोटो झालेला असतो. एका हाताने. खिशातून काढून परत खिशात जाईपर्यंत कोणाचं लक्षही जात नाही. मिरवायचं असतं तर इतका ठोकळ्यासारखा काळा डबा कशाला घेतला असता?

तक्रारी मलाही आहेत, ढीगभर. बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार दोनशे फोटोंची. आधीच्या दोन जीआरमध्ये असलेला छोटा फ्लॅश तिसऱ्यात काढून टाकला. धूळपाण्यापासून संरक्षण नाही. पण "फोन आहे की" हे या तक्रारींवरचं उत्तर नव्हे. फोन कुठे फोकस करायचा, किती उजळायचं, कोणती फ्रेम ठेवायची हे सगळं स्वतः ठरवतो आणि मला कळवतो. माझा फोटो मला ठरवायचाय, एवढंच म्हणणं आहे.

फोनपुरे

अहो, दुसराही डोळा उघडा जरा. बऱ्याच फोनमध्ये, लॉक असला तरी, बाजूचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, हे आता कित्येक वर्षं चालू आहे. तुम्ही शेवटचा फोन कधी घेतलात? शिवाय बटण दाबण्याआधीपासूनच आत फ्रेम्स साठत असतात, त्यामुळे क्षण हुकल्याचा आळ निदान फोनवर घेऊ नका. अंधारात तो हातात धरल्या धरल्या आठ-दहा फ्रेम्स काढून, जुळवून, एकावर एक रचतो. तुमच्या डब्याला ते जमत नाही.

आणि फोटो काढून पुढे काय? कार्डात कुजवायचे? कंपनीचं अ‍ॅप उघडा, वाय-फाय जोडा, तुटलं, परत जोडा, एक फोटो आला, परत तुटलं. माझ्या मेव्हण्याकडे असाच एक भारीतला कॉम्पॅक्ट आहे. सहलीचे फोटो "पाठवतो, पाठवतो" म्हणता म्हणता पुढची सहल आली. शेवटी अल्बम माझ्याच फोनच्या फोटोंचा झाला.

धूलिकण

तुमचं चालू द्या. मला एकाच विषयावर बोलायचंय: धूळ.

लेन्स आत-बाहेर होते तेव्हा भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर धूळ आत जाते आणि सेन्सरवर जाऊन बसते. लेन्स निघत नाही, म्हणजे पुसायची सोय नाही. माझ्या कॅमेऱ्याचं नाव घेत नाही, उगाच भक्तमंडळी अंगावर येतील. त्यात डावीकडे वर एक करडा ठिपका. एफ २.८ ला दिसत नाही, एफ ८ ला शंका येते, एफ ११ ला आकाशात लख्ख. सेवा केंद्राने सांगितलं, पूर्ण लेन्स युनिट बदलावं लागेल. खर्च ऐकून मी कॅमेरा उचलला आणि बाहेर पडलो. मग लोक सांगतात तसा लेन्सच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावला. ठिपका हलला. आता मधोमध आहे.

यावर कोणी बोलत नाही. सगळे बोके (फोटोतली मागची धूसरता) नि रंगांत दंग.

जुनाजाणता

धूलिकण, सहानुभूती आहे, पण तुमचा ठिपका हा अपघात म्हणता येईल. कंपन्यांनी जाणूनबुजून केलेलं काय?

कॅननची 'जी' नावाची मालिका आठवा. जी६ ला एफ २ पासून सुरू होणारी लेन्स, फिरणारा स्क्रीन, रॉ (प्रोसेस न केलेली मूळ फाइल), सगळं होतं. २००६ मध्ये जी७ आला: लेन्स एफ २.८ ची, स्क्रीन घट्ट बसवलेला आणि रॉ गायब! लोकांनी सीएचडीके हे बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून त्याच कॅमेऱ्यातून रॉ काढून दाखवलं, म्हणजे अडचण यंत्रात नव्हती, कंपनीच्या डोक्यात होती. पुढच्या वर्षी जी९ मध्ये रॉ परत, जणू मोठे उपकार. जी१० मध्ये त्या नखाएवढ्या सेन्सरवर १.४७ कोटी पिक्सेल, आणि २००९ च्या जी११ मध्ये गुपचूप १ कोटीवर माघार, सोबत फिरणारा स्क्रीनही परत.

सोनीही काही कमी नाही. २०१८ च्या सहाव्या आरएक्स१०० ला २४ ते २०० मिमीएवढा झूम दिला आणि एफ १.८ ची लेन्स व एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) दोन्ही काढून घेतले. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं. कॉम्पॅक्ट फोनने नाही मारला. ज्यांनी जन्माला घातला त्यांनीच उपाशी ठेवला.

अर्धमिटला डोळा

जुनाजाणता, शंभर टक्के सहमत. फोनपुरे, बटणाचं मान्य. तेवढंच. पण काचेचं काय? पहिल्या आरएक्स१०० ची एफ १.८ लेन्स फोन कुठून आणणार?

फोनपुरे

माझ्या फोनला पण एफ १.८ आहे. फिट्टंफाट.

व्यासमुनी

दोघंही चूक. पहिल्या आरएक्स१०० च्या लेन्सची फोकल लेंथ वाइडला प्रत्यक्षात १०.४ मिमी. भागिले १.८, म्हणजे छिद्राचा व्यास सुमारे ५.८ मिमी. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, याच्या २.७ पट) २८ मिमी लेन्सला तेवढंच छिद्र हवं असेल तर ती एफ ४.९ ला ठेवावी लागेल. टेलीला तर लेन्स मुळातच एफ ४.९, गुणिले २.७, म्हणजे फुलफ्रेमचा एफ १३. "एफ १.८" हे जाहिरातीपुरतं.

लाइटमीटर

आले! प्रत्येक धाग्यावर हा हिशोब घेऊन येतात. एफ १.८ म्हणजे एफ १.८. हातात प्रकाश मोजायचा मीटर धरा. तो कधी विचारतो का, सेन्सर केवढा म्हणून? आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर, अ‍ॅपर्चर सारखं ठेवलं की फोन असो नाहीतर मीडियम फॉरमॅट, एक्स्पोजर तेच. २.७ ने गुणायचं ते फोकल लेंथला, अ‍ॅपर्चरला नाही.

व्यासमुनी

एक्स्पोजर तेच, नाही कोण म्हणतंय? एक्स्पोजर म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर पडलेला प्रकाश. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. तुमच्या "एक इंची" (नुसतं नावाला) सेन्सरचं १३.२ गुणिले ८.८, म्हणजे ११६. साडेसात पटींचा फरक. फोटो पूर्ण सेन्सरचा बनतो, एका मिलिमीटरचा नाही. डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत धारदार) आणि नॉइज (दाणेदारपणा) दोन्ही त्यावर ठरतात.

लाइटमीटर

मी ३५ मिमी आणि १२० अशा दोन्ही फिल्म वर्षानुवर्षं वापरल्यात. दोन्हीला एकच मीटर, एकच आकडा, कधी गुणाकार करावा लागला नाही. तुमची पिढी कॅल्क्युलेटर घेऊन फोटो काढते.

व्यासमुनी

एकच मीटर, बरोबर. फिल्मही तीच. मग १२० च्या प्रिंटमध्ये दाणा कमी का दिसायचा?

लाइटमीटर

कारण निगेटिव्ह मोठी, एन्लार्ज कमी करावी लागायची. लहान पोरालाही कळतं.

व्यासमुनी

तेच तर सांगतोय तीन प्रतिसाद!

लाइटमीटर

मग सरळ "एन्लार्जमेंट" म्हणा ना. "एफ १.८ खोटा" कशाला? नवीन माणूस हे वाचून एफ ४.९ समजून शटर लावत बसेल. दाण्याबद्दल म्हणाल तर ठीक. एक्स्पोजरबद्दल म्हणाल तर मी हलणार नाही.

फोनपुरे

मुनिवरांना दंडवत. म्हणजे कॉम्पॅक्टची ती एफ १.८ ची मिजास पोकळच निघाली की.

व्यासमुनी

थांबा, तुमचाही हिशोब आहे. बऱ्याच फोनमधली मुख्य लेन्स प्रत्यक्षात सातेक मिमीची असते. एफ १.८ ला छिद्र चार मिमीच्या आतबाहेर. ५.८ पेक्षा चार लहान, हे तरी मान्य कराल?

फोनपुरे

एका फ्रेमपुरतं मान्य. पण मी नऊ फ्रेम्स एकत्र केल्या की एकूण प्रकाश नऊपट. तुमचंच गणित. आणि एक इंची सेन्सर आता फोनमध्येही आलाय, शाओमीने २०२२ मध्ये १२ एस अल्ट्रात बसवला.

व्यासमुनी

समोरचा स्तब्ध असेल तर नऊपट. पळतं पोर आलं की जुळवणी फसते. मग फोन एक तर त्या फ्रेम्स फेकतो नाहीतर पोराला सहा बोटं देतो.

सावली

क्षेत्रफळं झाली असतील तर माझं ऐका. आजीचा फोटो फोनवर काढला, खिडकीजवळ, उजेड छान होता. मोठा करून बघितला तर हातावरच्या शिरा गायब, कातडी मेणासारखी गुळगुळीत. स्वेटरची वीण मात्र तारेच्या जाळीसारखी टोकदार. चेहऱ्याला एक न्याय, लोकरीला दुसरा. मी कुठलंही ब्युटी बटण दाबलं नव्हतं. त्याच खुर्चीत कॉम्पॅक्टवर काढलेल्या रॉमध्ये नॉइज आहे, रंग थोडे मलूल आहेत, पण हात आजीचे आहेत. मला तोच फोटो हवाय.

फोनपुरे

ताई, फोनमध्येही रॉ असतं. दुसरं अ‍ॅप टाका, प्रोसेसिंग बंद करा.

सावली

आणि मग तुमच्या त्या नऊ फ्रेम्सचं काय होतं, दादा? ते बंद केलं की उरतं चार मिमीचं भोक.

अर्धमिटला डोळा

सावली, +१. याला म्हणतात घरचा आहेर.

फोनपुरे

काही फोनमध्ये फ्रेम्स रचून झाल्यावरचं रॉ मिळतं, पण जाऊ द्या. इथे बहुमत कोणाचं आहे ते दिसतंय.

चाळिशीपार

एवढं रामायण झालं, पण उन्हात दिसतं का, हे कोणी विचारलं नाही. भर दुपारी मागचा स्क्रीन म्हणजे आरसा. फोटोऐवजी स्वतःचं कपाळ दिसतं. त्यात जवळचं वाचायला चष्मा लागतो. म्हणजे लांबचं दृश्य बघायला चष्मा काढा, ते स्क्रीनवर बघायला परत लावा. जीआरला व्ह्यूफाइंडरच नाही, वरून ऑप्टिकल फाइंडर खोचा म्हणतात. त्यात फोकस कळत नाही. २०१४ च्या तिसऱ्या आरएक्स१०० मध्ये वर उचकटून येणारा फाइंडर मिळाला. इवलासा का होईना, डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरप्रमाणे जुळवायची सोय) आहे, डोळ्याला लावता येतो. माझ्यासाठी वाद तिथेच संपला. फोनला डोळा लावायला कधी जागा करणार?

अवांतर: तुमच्या जीआरमधून फ्लॅश गेला त्याचा मलाही राग आहे. अशा कॅमेऱ्यांत लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं शटर) असतं, त्यामुळे १/१००० ला सुद्धा फ्लॅश जुळतो. मोठे डीएसएलआर साध्या सिंकमध्ये १/२५० च्या आसपास अडतात. पाठीमागे सूर्य, समोर काळवंडलेले चेहरे, तिथे हा एवढासा फ्लॅश काय कमाल करतो ते वापरल्याशिवाय कळत नाही. आणि नेमका तोच काढला!

जुनाजाणता

जास्तीची बॅटरी बसवायला जागा हवी म्हणून काढला असेल, तर बॅटरी तरी वाढवायची. एका चार्जवर फोटो उलट आधीच्यापेक्षा कमीच निघतात. मी म्हटलं ना, उपाशी ठेवतात.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. सगळं वाचून गोंधळ वाढला. जुना, वापरलेला घ्यायचा विचार आहे. हातात मिळाल्यावर काय तपासू?

धूलिकण

शेवटी कोणीतरी कामाचं विचारलं. आयएसओ सर्वांत कमी, अ‍ॅपर्चर सर्वांत लहान, पांढऱ्या भिंतीवर किंवा कोऱ्या आकाशावर, फोकस मुद्दाम बिघडवून एक फोटो. शटर हळू पडेल, हात हलला तरी चालेल, धूळ सेन्सरबरोबरच हलते. मग शंभर टक्क्यांवर मोठा करून चारही कोपरे आणि मधला भाग बघा. लेन्स चारदा आत-बाहेर करून परत काढा. ठिपका जागा बदलत असेल तर तिथेच नमस्कार करा. झूम करताना करकर आवाज आला तरी तेच. विकणारा "सॉफ्टवेअरने जातो" म्हणाला तर समजा, त्याला ठिपका माहीत आहे.

जीआर घेणार असाल तर एफ १६ पर्यंत जा. आणि फुलफ्रेमवर तो किती होतो, हे कृपा करून इथे विचारू नका.

व्यासमुनी

२४.