वाघोलीत रिसेल टू बीएचके ६२ लाखांना सांगतायत. भाव बरोबर आहे की नाही, कसं ओळखायचं?

अंबानगरीची लेक

नमस्कार. मी अमरावतीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगा खराडीला नोकरी करतो, भाड्याने राहतो. आमचा साईनगरचा प्लॉट विकला. ते पैसे आणि वर थोडं कर्ज, असं करून त्याला पुण्यात घर घ्यायचं ठरलंय. खराडी झेपत नाही म्हणून वाघोली बघतोय.

आव्हाळवाडी रस्त्याच्या बाजूला एक फ्लॅट आवडला. इमारत ९ वर्षांची, सातपैकी चौथा मजला, एक कव्हर्ड पार्किंग. मालक ६२ लाख म्हणतात. एजंटचं म्हणणं, "सेलेबल, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, ९०० आहे, कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं, ६४०. फुटाला सहा हजार नऊशेच पडतोय, नवीन घ्यायला गेलात तर कितीतरी जास्त." लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, त्या म्हणाल्या, आमच्याच मजल्यावरचा ५४ ला गेला. मुलाच्या ऑफिसातला मित्र म्हणतो, ६५ ला मिळाला तरी डोळे झाकून घ्या. पोर्टलवर त्याच इमारतीत ५२ पासून ७१ पर्यंत आकडे दिसतात.

साईनगरच्या प्लॉटचा भाव कुणी सांगितला तर मला लगेच कळतं. कुणाचा प्लॉट कितीला गेला, विकणारा अडलेला होता की घेणारा, सगळं कानावर असतं. वाघोलीत मला रस्तेसुद्धा माहीत नाहीत. रविवारपर्यंत एक लाख टोकन मागतायत. काय करू?

बाकोरी फाटा

टोकन देऊ नका. "रविवारपर्यंत" हे प्रत्येकालाच सांगतात. दिलंच तर चेकने द्या आणि कर्ज किंवा कागदपत्रांत अडचण आली तर पूर्ण परत, असं लिहून घ्या.

जुना एसटीवाला

ताई, मी मूळचा सोलापूरचा. एसटीत हिशेब खात्यात ३१ वर्षं काढली. २०१९ मध्ये मुलीसाठी वाघोलीतच घर घेतलं, तेव्हा तुमच्यासारखाच कुणाकुणाला विचारत फिरलो होतो. दहा जणांनी दहा भाव सांगितले. मग लोकांना विचारणं सोडलं आणि कागद बघायला लागलो. जसं केलं तसं सांगतो.

मालकाकडे त्यांच्या करारनाम्याची झेरॉक्स मागा. त्यात वाघोलीचा गट नंबर असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यात जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांकाच्या जागी तो गट नंबर टाका. त्या गटातल्या नोंदवलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन उघडते. आपण तिला इंडेक्स टू म्हणतो. साईट कधी कधी अडते. मी पहाटे बसायचो.

इंडेक्स टू नीट वाचायला लागतो. दुसऱ्या ओळीत "मोबदला" असतो. घेणाऱ्याने देणाऱ्याला कागदोपत्री दिलेली रक्कम ती. तिसऱ्या ओळीत "बाजारभाव" असतो आणि तिथे माणूस फसतो, मीही आठवडाभर फसलो होतो. तो रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरतक्त्यावरून, काढलेला आकडा असतो. मोबदला आणि तो, यात जो जास्त त्यावर मुद्रांक शुल्क लागतं, एवढंच त्याचं काम. बाजारात घर कितीला जातं ते तो सांगत नाही. तुम्ही मोबदलाच टिपून घ्या. चौथ्या ओळीत सदनिका क्रमांक, मजला, पार्किंग लिहिलेलं असतं, पाचव्यात क्षेत्रफळ, आणि खाली नोंदणीची तारीख.

बक्षीसपत्र आणि हक्कसोड बाजूला काढा, घरातल्या घरात झालेले व्यवहार वगळा. बिल्डरकडून झालेली पहिली विक्री जुनी असते, तीही सोडा. मागच्या वर्षभरातली त्याच इमारतीतली टू बीएचकेची दोन-तीन खरेदीखतं मिळाली तरी पुष्कळ. फर्निचरचे किंवा रोखीचे पैसे कागदावर येत नाहीत, म्हणून एखादाच आकडा फार खाली दिसला तर त्यावर भिस्त ठेवू नका. लिफ्टमधल्या बाईंचा ५४ चा व्यवहारही तारखेसकट तिथेच सापडेल.

आता टेप. हे मी प्रत्येकाला कळवळून सांगतो. मला "कार्पेट ६१५" सांगितलं होतं. आम्ही बापलेक पोलादी टेप घेऊन गेलो. हॉल, दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, पॅसेज, एकेक भिंत मोजली. मुलगी वहीत लिहीत होती, मी गुडघ्यावर बसून टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरत होतो. आतल्या भिंतींची जाडी मिळवून बेरीज ५६१ आली. हॉलची आणि स्वयंपाकघरामागची कपडे वाळवायची अशा दोन्ही बाल्कन्या त्यांनी कार्पेटमध्ये धरल्या होत्या. फरक ५४ फूट, आणि आमचा भाव फुटाला सात हजार. म्हणजे ३ लाख ७८ हजार रुपये. मालक मनाचे चांगले होते, वही बघून स्वतःहून अडीच लाख खाली आले.

तुमची इमारत ९ वर्षांची, म्हणजे तिथले पहिले करार बहुतेक रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, यायच्या आधीचे असणार. कार्पेटची एकच व्याख्या १ मे २०१७ पासून सक्तीची झाली. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. त्याआधी जो तो आपापल्या सोयीने लिहायचा. म्हणून करारातलं चौरस मीटर १०.७६४ ने गुणा आणि तुमच्या टेपशी ताडून बघा. सेलेबल हा शब्द तर विसरूनच जा.

तिसरा कागद सोसायटीकडे मिळतो. मागच्या वर्षीचं लेखापरीक्षण झालेलं उत्पन्न-खर्च पत्रक मागा आणि त्यात "पाणी टँकर" शोधा. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली, तरी टँकर काही थांबले नाहीत. मी दोन इमारती बघत होतो. पहिलीत घर दीड लाखाने स्वस्त होतं, पण ८४ घरांमागे टँकरचा खर्च ११ लाख ७६ हजार. म्हणजे दर घराला वर्षाला १४ हजार. दुसऱ्या इमारतीत हाच आकडा ४ हजार निघाला. वर्षाला दहा हजारांचा फरक, तोही टँकरचे दर वाढले नाहीत असं धरून. मी दुसरी घेतली. पत्रक दाखवायला कुणी कुरकुर करत असेल तर सकाळी सहाला गेटवर जाऊन उभे राहा. वॉचमनकडे टँकरची वही असते, गाडी आली की वेळ आणि गाडीचा नंबर लिहून सही घेतात. त्या वहीची चार पानं बघितली की कळतं.

खराडी ते वाघोली

काकांचं पटतं, पण दुसरी बाजूही सांगते. आम्ही इंडेक्स टू बघून मालकांना ठणकावून सांगितलं की शेजारचा एवढ्याला गेला, तुम्हीही तेवढ्यालाच द्या. घर हातचं गेलं. शेजारचं घर मागच्या बाजूचं, अंधारं होतं आणि आमचं पूर्वेकडचं. त्याचे दोन लाख जास्त द्यायला हवे होते, हे नंतर कळलं. कागदावर उजेड दिसत नाही.

आम्ही दुसरं घर भाड्यावरून तपासलं. त्या इमारतीत टू बीएचकेचं भाडं खरोखर किती येतं ते तीन भाडेकरूंना विचारलं. भाडं महिन्याच्या पगारातून जातं, त्यामुळे ते फारसं फुगत नाही. समजा १७ हजार भाडं आहे, तर वर्षाचे २ लाख ४ हजार, म्हणजे ६२ लाखांवर सव्वातीन टक्के. आजूबाजूच्या तीन-चार इमारतींचा असा हिशेब करा. एकाच इमारतीत तो फार कमी आला तर किंमत चढवून सांगतायत असं समजा. आणि मुलाला संध्याकाळी सातला खराडीहून निघून घरी जाऊन बघायला सांगा, एजंटच्या गाडीतून रविवारी दुपारी नको.

मूल्यांकनवाला

बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, म्हणून एकच मुद्दा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. तुम्ही ६२ ला ठरवलं आणि मूल्यांकन ५६ आलं, तर कर्ज जास्तीत जास्त ४४ लाख ८० हजार. उरलेले १७ लाख २० हजार स्वतःचे. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी ३० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या व्यवहारात ६२ हजार वाचतील. घर ५० लाखांच्या वरचं असल्याने एक टक्का टीडीएस मालकाच्या रकमेतून कापून तुम्हालाच भरायचा आहे. कर्ज थोडंच घेणार असलात, तरी टोकन देण्याआधी स्वतःच्या पैशाने स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या. बँकेचा अहवाल बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच बघतो.

अंबानगरीची लेक

सगळ्यांचे आभार. एसटीवाले काका, तुमचं लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं आणि रविवारी टोकन न देता टेप घेऊन गेलो.

करारात कार्पेट ५४.३५ चौरस मीटर आहे, म्हणजे ५८५ फूट. आमचं मोजमाप ५८३ आलं. एजंटच्या ६४० मध्ये बाल्कन्या होत्याच. इंडेक्स टू एकूण ११ मिळाले, त्यातले तीन कामाचे. लिफ्टमधल्या बाई खरं बोलत होत्या, ५४ लाखच, पण तो व्यवहार दोन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या मजल्यावरचं तेवढंच घर सात महिन्यांपूर्वी ५५ लाख ५० हजारांना गेलंय आणि सहाव्या मजल्यावरचं तीन महिन्यांपूर्वी ५७ ला. ५७ चं घर आमच्याच बाजूचं, उजेड सारखाच. खराडीच्या ताईंनी लिहिलं नसतं तर हे बघायचं सुचलंच नसतं.

मालकांशी मी स्वतः बोलले, एजंटला मध्ये न घेता, शांतपणे, कागद समोर ठेवून. ५७ म्हटलं. ते ५९ वर आलेत. मुलगी लग्नाची आहे, म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही. घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायला मुलगा तयार आहे.

पत्रक अजून मिळालेलं नाही, सचिव गावी गेलेत म्हणे. शनिवारी मुक्कामाला मुलाकडेच आहे. रविवारी सकाळी सहाला गेटवर जाऊन ती वही बघते, मग ५८ चं बोलते. काका, वहीत एका दिवसाला किती टँकर दिसले तर मागे फिरायचं? घरं ७२ आहेत.

जुना एसटीवाला

ताई, दहा हजार लिटरचा टँकर धरा. ७२ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ३९ हजार लिटर. चार टँकर रोज दिसले तर सगळंच पाणी विकतचं. एक-दोन असतील तर बोअर किंवा नळाचं थोडंफार येतंय. आणि एका आठवड्यावर जाऊ नका, मार्च ते मेची पानं उलटून बघा. पावसाळ्यातली वही बघून आमच्या शेजाऱ्यांनी घर घेतलं, पहिल्या एप्रिलमध्ये रडकुंडीला आले होते.