केमो चालू आहे, आईला रात्री झोप नाही. चालायला कसं लावू?

आई ६१ वर्षांची, स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, एसीच्या (दोन औषधं एकत्र देतात ती) चार केमो झाल्या, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध. बारापैकी पाच झाल्या. उलट्या वगैरे आटोक्यात आहेत, पण झोपेचं खोबरं झालंय. परवा रात्री अडीचला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर मांडीवर ताट घेऊन लसूण सोलत बसलेली. "पडून काय करू, नाही नाही ते मनात येतं." दुपारी मात्र दोन-दोन तास ढाराढूर. केमोच्या दिवशी डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) देतात, त्या रात्री तर डोळ्याला डोळा नाही.

डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना. मीही वाचलं, अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २०१९ च्या शिफारशींत आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं मध्यम व्यायाम आहे. उदासी, चिंता, थकवा कमी होतो. झोपेबाबत पुरावा त्यामानाने कमी, पण चालण्याने फायदा दिसतो म्हणे.

आईला पटतंय, पण खाली उतरायला नको म्हणते. डोक्याला स्कार्फ, बिल्डिंगमधल्या बायका विचारणार. त्यात तळवे बधिर, "कापसावर चालल्यासारखं वाटतं" म्हणते, पडायची भीती. आणि मावशीचा रोज फोन: केमोत आराम करायचा असतो! (मावशींना कोण समजावणार.)

घरातल्या घरात चाललं तर चालेल का? सकाळी की संध्याकाळी?

प्रतिसाद: मी यातून गेले आहे. सलग अर्ध्या तासाचा हट्ट नको, दहा-दहा मिनिटं तीनदा करा. गच्ची असेल तर सकाळी तिथे न्या, बायकाही नसतात आणि उजेडाने रात्रीची झोपही सुधारते. पायात मागे पट्टा असलेलं काहीतरी हवंच; बधिर पायातून स्लिपर निसटली तरी कळत नाही, मी तशीच आपटले होते. दुपारी अर्ध्या तासाचा गजर लावा. ताप, चक्कर असेल त्या दिवशी सुट्टी. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी आले तर डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ती: गच्ची सुचलीच नव्हती! किल्ली सेक्रेटरींकडे असते, आजच मागते. ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही, त्याचं कुणी सांगेल का? फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटं चढवायला सांगितलंय, पण ती दोन दिवस करते आणि सोडून देते.