१९६२ समजून घ्यायला कुठली पुस्तकं वाचू?

सांजवात:
आजीच्या ट्रंकेत तिच्या पाटल्यांची पावती सापडली. संरक्षण निधी, नोव्हेंबर १९६२. घडीवर विरलीय, पण वजनाचा आकडा अजून वाचता येतो. पाटल्या दिल्याचं आजी अभिमानाने सांगायची. युद्धाचं विचारलं की मात्र "चीनने दगा दिला", एवढंच. मला दुसरी बाजूही वाचायची आहे. सुरुवात कुठून करू?

नाना_सातारा:
ताई, ब्रिगेडियर जॉन दळवींच्या 'हिमालयन ब्लंडर'पासून करा. ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठची सातवी ब्रिगेड त्यांच्याच हाताखाली होती. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला, दोन दिवसांनी ते स्वतः कैदेत. त्या थंडीत सुती गणवेशातले, माणशी पन्नास गोळ्यांवर उभे केलेले जवान... मला पुस्तक दोनदा मिटून ठेवावं लागलं. पण हे जखमी मनाने लिहिलेलं आहे, म्हणून पाठोपाठ नेव्हिल मॅक्सवेलचं 'इंडियाज चायना वॉर' (१९७०) घ्या. तो लंडनच्या 'टाइम्स'चा दिल्लीतला बातमीदार. त्याचं म्हणणं, आपल्याच 'फॉरवर्ड पॉलिसी'ने, म्हणजे वादग्रस्त भागात पुढे पुढे चौक्या उभारण्याच्या धोरणाने, युद्ध ओढवलं. राग येईल, तरी पुरं करा.

मीनल_के:
मॅक्सवेल जरूर वाचा, पण एकटा नको. दिल्लीची तो जेवढी उलटतपासणी घेतो, तेवढी पेकिंगची (बीजिंगची) घेत नाही, हे मला फार खटकतं. मी एक केलं होतं: प्रत्येक पुस्तकात फक्त ढोला चौकी शोधली. जून १९६२ मध्ये नामका चूजवळच्या थागला कड्याच्या दक्षिणेला भारताने उभारलेली. मॅक्सवेल १९१४ चा, भारत-तिबेट सीमेची मॅकमहोन रेषा आखलेला नकाशा पुढे करतो आणि चौकी त्या रेषेच्या उत्तरेला पडते म्हणतो. भारताची भूमिका अशी की सीमा पाणलोटाच्या माथ्यावरून जाते, म्हणजे थागलावरूनच. नकाशा उघडून बसले तेव्हा कुठे कळलं, भांडण नेमकं कशावरून होतं. गुप्तचर खात्याचे तेव्हाचे प्रमुख मलिक यांचं 'द चायनीज बिट्रेयल'ही बघा. आजीचा शब्द थेट त्या नावातच आहे.

सांजवात:
दळवी निम्मं झालं. जनरल कौल यांच्यावर ते इतके संतापलेत की आता कौल यांचं 'द अनटोल्ड स्टोरी' वाचावंसंच वाटेना. सोडलं तर चालेल?

नाना_सातारा:
नका सोडू. त्या आघाडीची जबाबदारी असलेल्या लष्कराच्या चौथ्या कोअरची सूत्रं त्यांच्या हाती होती, आणि हल्ला झाला तेव्हा ते दिल्लीत आजारी होते. ते दिवस आधी दळवींकडून वाचा, मग कौल यांच्याकडून. मी दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवून वाचली होती.